कडेपासून मोजलेलं टनेल

साउथहॅम्प्टनला यंदा नोव्हेंबरातच सकाळी गवत पांढरं दिसायला लागलं. बसस्टॉपच्या लोखंडी दांड्याला मी विसरून उघडा हात लावला आणि बोटं क्षणभर तिथेच चिकटली. सोडवून घेताना जो बारीक चटका बसतो, तो मे महिन्यातल्या नागपूरच्या फाटकाच्या चटक्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. कातडीला दोन्ही सारखेच. पण हा चटका मला लीड्सला घेऊन गेला. एका गॅरेजमध्ये, ॲल्युमिनियमच्या एका लांबलचक, थंड, तिरक्या पत्र्यापाशी.

त्या हिवाळ्याबद्दल मला काही गोड लिहायचं नाही. आठवणींवर साय धरू द्यायची आणि मग ती चमच्यानं खायची, ही सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. माझे बाबा नागपुरात पत्रकं छापायचे. शाळेच्या फीवाढीविरुद्ध, वस्तीतल्या कोरड्या नळाबद्दल, कुठल्या गावात कुणाला मारलं त्याबद्दल. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि त्यांच्या घड्या घालता घालता मोठी झाले. त्यामुळे जे झालं ते तसंच लिहिते. कुणाला टोचलं तर टोचू दे.

लीड्समध्ये मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स करत होते आणि निखिलच्या घरात माळ्यावरच्या खोलीत राहत होते. सगळे निखिलचं घर म्हणत, पण घर होतं त्याच्या वडिलांचं, अण्णांचं. अण्णा फार वर्षांपूर्वी कोल्हापूरकडून आलेले, आणि निवृत्त होईपर्यंत बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात पत्र्याचं काम केलेले. निखिल इथेच जन्मलेला, ऑफिसात टाय लावून बसणारा. त्याची बायको हेमा ठाण्याहून लग्न होऊन आलेली. खोलीच्या भाड्याऐवजी मी शनिवार-रविवार गॅरेजमध्ये काम करायचं, असं ठरलं होतं. निखिल स्नोमोबील बांधत होता.

लीड्समध्ये! जिथे वर्षाकाठी पडणारा बर्फ चहाच्या बशीत मावतो आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो, तिथे. मार्चमध्ये तो ती गाडी न्यूकॅसलहून बोटीनं नॉर्वेला नेणार होता, मित्रांबरोबर गोठलेल्या तळ्यावर पळवायला. गाडी साधी असते. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा. पट्टा फिरतो आणि गाडीला ढकलतो. त्या पट्ट्यावर उलट्या पन्हळीसारखं पत्र्याचं आवरण असतं, त्याला टनेल म्हणतात. पट्टा ज्या सस्पेन्शनवर फिरतो, ते या टनेलच्या दोन्ही भिंतींना बोल्टांनी अडकवलेलं असतं. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर आली नाहीत, तर सस्पेन्शन पिळवटून बसतं, पट्टा एका अंगाला ओढला जातो, टनेलला घासत राहतो, आणि वेग घेतल्यावर गाडी माणसाला कुठे फेकेल ते सांगता येत नाही.

निखिलला लांब पट्ट्याची गाडी हवी होती, म्हणून टनेलही लांब हवं होतं. ते विकत मिळत होतं. पण अण्णा म्हणाले, "मी जिवंत असताना विकतचं?" आणि त्यांनी पत्रा आणून स्वतः कापला, स्वतः वाकवला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "नाव काय तुझं?"

"संघमित्रा."

"अच्छा."

त्या 'अच्छा'मध्ये माझी वस्ती, माझी जात, माझ्या आजोबांनी का आणि कुणाबरोबर धर्म बदलला ते, सगळं मोजून झालं. यॉर्कशरचे एवढे हिवाळे काढूनही तो 'अच्छा' गोठला नव्हता. त्यानंतर त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए नागपूर, पाना." आणि पाना हातात द्यायचा नाही. बाकावर ठेवायचा. मी हात मागे घेतला की मगच ते उचलणार. पहिल्यांदा मला वाटलं, गॅरेजमधली शिस्त असेल. मग पाहिलं, निखिलच्या हातातून ते सरळ घेत होते.

हेमा म्हणायची, "मनावर घेऊ नकोस गं. जुनी पिढी आहे." जुनी पिढी! या देशातल्या मराठी घरांत प्रत्येक घाणीवर घालायला हे झाकण तयार असतं. हेमाचं झाकण फार छान बसायचं. ती चिवडा करायची, ख्रिसमसच्या चॉकलेटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये पाठवायची, आणि मला जेवायला वाढताना निळ्या काठाचं ताट काढायची. बाकी तिघांची ताटं स्टीलची होती.

रॉकेलच्या हीटरचा वास, ड्रिलमधून निघणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चकचकीत कुरळ्या कपच्या, त्या मोज्यांत घुसून दिवसभर टोचायच्या. चार वाजता अंधार. चहाच्या मगवर साय धरायच्या आत चहा गार. आज ते सगळं आठवताना मला त्या पत्र्याचा स्पर्श आधी आठवतो. तळहात ठेवला की तो हातातली ऊब शांतपणे काढून घ्यायचा, आणि परत काही द्यायचा नाही.

"तुम्हा लोकांना घोषणा छान जमतात," अण्णा मला पहिलं भोक पाडायला देताना म्हणाले. "भोक सरळ पडतं का बघू."

सरळ पडलं. ते वाकले, मान तिरकी करून एका डोळ्यानं बघत राहिले. "हं," म्हणाले. मान तिरकी का करतात ते मला तेव्हाच कळलं. उजव्या डोळ्यात दुधासारखं काहीतरी साचलं होतं.

घरातही सगळ्यांना ते कळलं होतं. हेमाला दक्षिणेकडे, मोठ्या बागेच्या घरात जायचं होतं. त्यासाठी हे घर विकायला हवं होतं, आणि अण्णांना वृद्धांसाठी असतात तसल्या एका फ्लॅटमध्ये ठेवायला हवं होतं. "तिथे वॉर्डन असते अण्णा, लिफ्ट असते, बटण दाबलं की माणूस येतो," ती भाजी वाढता वाढता सांगायची. दिवाळीच्या आसपास एकदा अण्णांनी ताटावर हात आपटला.

"ज्या दिवशी माझ्या हातचं काम तिरकं निघेल, त्या दिवशी या घराच्या किल्ल्या काढून देतो. तोवर माझ्यासमोर हा विषय नको."

"Deal," निखिल हसत म्हणाला. हेमाही हसली. त्या हसण्यानंतर ते टनेल नुसतं टनेल राहिलं नाही. अण्णांचं छप्परच त्या पत्र्याचं झालं. आणि ते जोडायचं काम माझ्याकडे आलं होतं.

डाव्या बाजूचा बोल्ट सुळकन आत जायचा. उजव्या बाजूला भोकातून उजेडाची चंद्रकोर दिसायची. पान्यानं ओढून, गुडघ्यानं रेटून, शिव्या देऊन ती मिटत नव्हती.

"ब्रॅकेट वाकडं असेल तुझं," अण्णा म्हणायचे.

सस्पेन्शन टनेलच्या भिंतीला धरणारी ती ब्रॅकेटं मी उलटसुलट करून पाहिली. नवी आणली. शनिवारामागून शनिवार गेले. चंद्रकोर तशीच. निखिल दाराशी उभा राहून विचारायचा, "झालं का?" मी नाही म्हटलं की म्हणायचा, "No rush, यार. Take your time." इतका समंजस माणूस मी लीड्समध्ये दुसरा पाहिला नव्हता.

दिसायला ते टनेल देखणं होतं. पत्र्याला घडी अशी घातलेली, की कुठे सुरकुती नाही, चीर नाही. अण्णांचा हात एके काळी काय असेल ते त्या घडीत दिसत होतं. पण कारखान्यात त्यांच्यापुढे पत्रा यायचा तो अजस्र यंत्रावर कापलेला, कडा सुरीसारख्या सरळ. जन्मभर ते कडेपासून मोजत आले, आणि कधी चुकलं नाही, कारण कड दुसऱ्या कुणीतरी सरळ केलेली होती. इथे कड त्यांनी स्वतः कात्रीनं कापली होती, त्या दुधाळ डोळ्यानं. आणि तरीही सगळी भोकं त्या कडेपासूनच मोजली होती. मीही माझी मापं त्याच कडेपासून घेत होते. चुकलेल्या कडेपासून दोघंही अगदी अचूक मोजत होतो.

लहानपणी बाबांकडे स्वस्तातला कागद यायचा, तो कधी काटकोनात कापलेला नसायचा. टोकाला टोक लावून घडी घातली की आतला मजकूर तिरका व्हायचा. बाबा म्हणायचे, "कागदाची कड बघू नको मित्रा, मजकुराची मधली रेघ बघ." एका शनिवारी ते आठवलं, आणि मी टेप खाली ठेवली. टनेलच्या पुढच्या टोकाला, पट्टा फिरवणारा दांडा जिथे बसतो, तेवढीच एक जागा पक्की होती. त्या दांड्याचा मध्य काढला, तिथून काटकोनात मागेपर्यंत दोरा ताणला, दोऱ्याखाली पेन्सिलीची रेघ मारली आणि त्या रेघेवरून दोन्ही भोकं मोजली. मग कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा लांब होता. उजवं भोक अंगठ्याच्या रुंदीइतकं मागे होतं.

निखिल आणि हेमा खरेदीला गेले होते. अण्णा खाली आले. दोरा पाहिला.

"हे काय?"

"मधली रेघ, अण्णा."

त्यांनी दोऱ्यावर बोट ठेवलं, नाडी बघावी तसं, आणि पार मागपर्यंत नेलं. मला काही सांगावं लागलं नाही. आयुष्य पत्र्यात गेलेल्या माणसाला मधली रेघ आखून दिल्यावर आणखी काय सांगायचं?

"किती?"

मी अंगठा दाखवला.

हीटर भुरभुरत होता. त्यांनी वाकून त्याची वात कमी केली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "कानस घे. उजवं भोक लांबट कर. वरून मोठं वॉशर टाक, झाकलं जाईल."

"पट्टा एका बाजूला ओढेल. निखिल बसणार आहे त्यावर."

"निखिल!" ते हसले. "दोनदा बसेल, फोटो काढेल, विकून टाकेल. मी काय ओळखत नाही?"

"आपण त्याला सांगू. आतून जाड पट्ट्या रिव्हेट करू आणि या रेघेवरून नवी भोकं पाडू. टनेल वाचेल, अण्णा."

"सांगू? आणि मग मी काय करू? डबा घेऊन फ्लॅटमध्ये जाऊ?"

मी टेप गुंडाळायला लागले.

"इतके दिवस या घरात राहतेस. आमच्या ताटात जेवतेस."

"माझं ताट वेगळं आहे, अण्णा. निळ्या काठाचं."

त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी बाकावरचा ॲल्युमिनियमचा कीस हातानं झाडला. "घालवतील मला," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"आणि तरी?"

"तरी."

"दगड आहेस तू."

असेन. मला त्यांची दया आली नाही. हे लिहिताना मी स्वतःला परत परत तपासलं, आजही येत नाही. माझ्या हातचा पाना ज्याला चालत नव्हता, त्याला माझ्या हातची लबाडी मात्र चालणार होती. आणि ती मागताना त्यानं विनंतीसुद्धा केली नाही. हुकूम केला.

त्या आठवड्यात मी लंडनला गेले होते. कॅमडेनमध्ये किंग हेन्रीज रोडवर एक घर आहे. आमच्या घरच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, ते विद्यार्थी असताना तिथे राहिले. मी गेले तेव्हा ते अजून कुणाचं तरी खासगी घर होतं. खिडकीत कुंड्या, दाराशी सायकल. मी समोरच्या फुटपाथवर थंडीत उभी राहिले. आतल्या बाईनं पडदा ओढला. मी तिथे काही मागायला गेले नव्हते, पण रिकाम्या हातानं परतल्यासारखं वाटलं खरं. कोपऱ्यावरच्या फोनबूथमधून बाबांना फोन लावला.

"माणूस कसा आहे?" सगळं ऐकून बाबांनी विचारलं.

"नीच."

"मग तुला सोपं आहे."

"सोपं आहे म्हणूनच थांबलेय, बाबा."

तेवढ्यात फोनकार्डावरची मिनिटं संपली. बाबांच्या पत्रकांत नेहमी दोनच बाजू असायच्या, कागदाला असतात तशा. वर बसलेला आणि खाली दबलेला. खरं बोललं की खालच्याचा फायदा होतो, असं मी इतक्या वेळा घडी घालून ठेवलं होतं, की ते तपासायचं कधी सुचलं नाही. त्या गॅरेजमध्ये अण्णा माझ्या डोक्यावर होते आणि त्यांच्या डोक्यावर त्यांचा समंजस मुलगा. मी खरं बोलले, तर ते कुणाच्या हातात पडणार, ते मला दिसत होतं. पण भोक तिरकं होतं. एखादं माप कुणाला सोयीचं पडतं त्यावरून बदलायला लागलो, तर आमच्यासारख्यांनी मोजायचंच कशाला? आमच्या विरुद्ध तर सगळे असंच मोजत आलेत.

रविवारी दुपारी मी निखिल आणि हेमाला गॅरेजमध्ये बोलावलं. अण्णा आधीच येऊन स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, वर कोट. मी दोरा ताणला, कर्ण मोजून दाखवले, म्हणाले, "टनेल तिरकं आहे. पण दुरुस्त होतं. मी करून देते."

निखिलनं दोऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दुरुस्त कशाला?" तो म्हणाला. "नवीन टनेल आहे ना. शेजारच्या शेडमध्ये ठेवलंय. दिवाळीच्या आधीच मागवलं होतं."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच दिसलं मला. I'm not blind." मग त्यानं जीभ चावल्यासारखं केलं. "Sorry, अण्णा."

"मग मला इतके शनिवार का राबवलंस?"

"अगं, मी बोललो असतो तर ते म्हणाले असते, पोराचा घरावर डोळा आहे. तू कशी, neutral आहेस."

न्यूट्रल! जन्मापासून मला लोकांनी पुष्कळ काही म्हटलं आहे. न्यूट्रल पहिल्यांदाच कुणी म्हटलं. हेमा दाराच्या चौकटीला टेकून शालीचे गोंडे सारखे करत होती. "कुणीच जबरदस्ती करत नाहीये हं अण्णा," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," अण्णा म्हणाले.

ते उठले. कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, गॅरेजची. निखिलनं हात पुढे केला होता. अण्णा त्याच्यासमोरून सरकले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं, तळहात उघडला आणि जुडगा त्यावर ठेवून माझी बोटं मिटवली. त्यांचे हात पत्र्याइतके गार होते. त्या घरात त्यांनी मला पहिल्यांदाच शिवलं.

"मोजलंस तू," ते म्हणाले. "आता दे पण तूच. न्याय पाहिजे असतो ना तुम्हाला? मग आपल्या हातानं वाढ."

पुढचं इथेच सांगून टाकते. उन्हाळ्याच्या तोंडाशी घर विकलं गेलं. नॉर्वेहून निखिल छान फोटो घेऊन आला, गॉगल लावलेला, मागे निळं आकाश. विकतचं टनेल सरळ चाललं. अण्णा लिफ्टच्या फ्लॅटमध्ये गेले. तिथे मी एकदाही गेले नाही, आणि मला कुणी बोलावलंही नाही. त्यांचं टनेल घराबाहेरच्या कचऱ्याच्या स्किपमध्ये जुन्या गालिच्यावर पालथं पडलं होतं. उताणं करून पाहिलं. माझी पेन्सिलीची रेघ अजून दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

पण आज बसस्टॉपवर बोटं सोडवून घेताना मला स्किप आठवला नाही. तळहातावरचा तो जुडगा आठवला. निखिलचा पुढे आलेला हात, हेमाचे गोंडे, आणि दुधाळ डोळ्यानं, मान तिरकी करून माझ्याकडे बघणारे अण्णा. त्यांना मला त्यांच्या पोराचा हात बनवायचं होतं. घर गेलं ते माझ्या हातून गेलं, असं म्हणत उरलेलं आयुष्य काढायचं होतं. आणि नाही म्हणून किल्ल्या त्यांच्याच हातात परत कोंबल्या असत्या, तर ती माफी ठरली असती. ती त्यांनी मागितली नव्हती.

त्या दुपारी गॅरेजमध्ये मी दोन पावलं चालले. जुडगा बाकावर ठेवला, पान्याशेजारी, त्यांनी मला शिकवलं होतं तसा, आणि हात मागे घेतला.

अण्णांनी तो उचलला नाही. मग निखिल पुढे आला, किल्ल्या उचलून खिशात टाकल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"Cheers, मित्रा," तो म्हणाला.